महाकाय कासवं किती वेगानं चालतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत मुलांच्या निसर्गफेऱ्या घेताना बिबट्याच्या खालोखाल कुणाबद्दल प्रश्न येत असतील तर ते कासवाबद्दल. मुलं विचारतात ते वेगळं, आणि मुलांच्या मागे उभे असलेले बाबा हळूच विचारतात ते वेगळं. दोन्हींची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. हे पान मुख्यतः जमिनीवरच्या अजस्र कासवांबद्दल आहे, म्हणजे प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांवरची आणि हिंदी महासागरात सेशेल्सच्या अल्डाब्रा बेटावरची कासवं. गॅलापागोसचा मोठा नर ४०० किलोच्या पुढे जातो, अल्डाब्राचा साधारण २५० किलोपर्यंत.

फार पाल्हाळ नको. वेग किती, ते एका ओळीत सांगा.

रमतगमत चालताना तासाला साधारण पाव ते अर्धा किलोमीटर.

हे डोळ्यांसमोर येत नाही. मुंबईच्या भाषेत सांगा ना!

शिवाजी पार्कात उभे आहात असं समजा. एका टोकाच्या स्टंपपासून दुसऱ्या टोकाच्या स्टंपपर्यंत क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे २०.१२ मीटर. आपण सहज चालत १५ सेकंदांत पलीकडे जातो. गॅलापागोसच्या कासवाला तेवढ्यासाठी साडेतीन-पावणेचार मिनिटं लागतात, तोवर एक षटक टाकून होतं. बारा डब्यांची लोकल साधारण अडीचशे मीटर लांब असते. तिच्या मोटरमनच्या केबिनपासून गार्डच्या डब्यापर्यंत फलाटावरून चालत जायला त्याला पाऊण तास हवा.

पण हा आकडा मोजला कुणी?

सर्वात जुनी आणि अजूनही सर्वात जास्त सांगितली जाणारी मोजणी चार्ल्स डार्विनची. १८३५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तो गॅलापागोसवर होता. एका मोठ्या कासवाच्या मागे राहून त्यानं मोजलं, तर ते दहा मिनिटांत ६० यार्ड चाललं. म्हणजे तासाला ३६० यार्ड, आपल्या हिशेबात सुमारे ३३० मीटर. पुढे त्यानं गुणाकार केला आणि वाटेत चरायला थोडा वेळ सोडून दिवसाला चार मैल असा अंदाज मांडला.

हा गुणाकार जरा तपासून बघा. तासाला ३६० यार्डांनी चार मैल जायचे तर साडेएकोणीस तास चालावं लागतं! डार्विनला यात काही वावगं वाटलं नाही, कारण एखाद्या ठिकाणी पोचायचं ठरलं की ही कासवं रात्रंदिवस चालतात असं त्यानं स्वतः नोंदवलं आहे. बेटावरची माणसंही खुणा केलेल्या कासवांवरून सांगत की दोन-तीन दिवसांत ती आठ मैल, म्हणजे जवळपास १३ किलोमीटर, जातात. माझ्या मते दहा मिनिटांची मोजणी पक्की, पण चार मैलांचा आकडा रोजचा म्हणून धरू नये. तहानलेलं कासव पाण्याकडे निघालं असेल तेव्हाचा तो आकडा आहे. एरवी त्याचा बराचसा दिवस चरण्यात, ऊन खाण्यात आणि चिखलात पडून राहण्यात जातो.

त्याच नोंदींमधली मला जास्त आवडणारी गोष्ट वाटांची आहे. बेटांवर गोडं पाणी वरच्या भागात आणि खालचा किनारा कोरडाठाक. किनाऱ्याकडून झऱ्यांकडे सगळ्या बाजूंनी रुंद, तुडवून घट्ट झालेल्या वाटा गेलेल्या होत्या. त्या कासवांनी पिढ्यान्‌पिढ्या येऊन-जाऊन पाडलेल्या. सुरुवातीला आलेल्या स्पॅनिश लोकांना बेटांवरचं पाणी सापडलं ते याच वाटा धरून. डार्विननं पाहिलं की एक रांग मान पुढे काढून घाईनं वर निघाली आहे आणि दुसरी पोटभर पाणी पिऊन खाली परतते आहे. झऱ्यावर पोचलं की कासव डोळ्यांच्या वरपर्यंत डोकं पाण्यात बुडवतं आणि मोठमोठे घोट घेतं, बघणारा बाजूला उभा असला तरी त्याला फिकीर नाही.

मग जगातलं सगळ्यात वेगवान कासव कोणतं?

गिनीज बुकाप्रमाणे बर्टी. इंग्लंडमधल्या डरहॅमजवळच्या एका पार्कात राहणारं हे लेपर्ड जातीचं आफ्रिकी कासव. ९ जुलै २०१४ रोजी त्यानं ५.४८ मीटर अंतर १९.५९ सेकंदांत कापलं, म्हणजे सेकंदाला २८ सेंटिमीटर आणि तासाला साधारण एक किलोमीटर. त्याआधीचा विक्रम १९७७ सालचा होता, तेवढ्याच अंतराला ४३.७ सेकंदांचा. बर्टी आपली खेळपट्टी सव्वा मिनिटाच्या आत पार करेल.

मात्र बर्टी महाकाय नाही. लेपर्ड कासव गॅलापागोसच्या कासवापुढे किरकोळच. शिवाय विक्रम पाच-साडेपाच मीटरांचा. तासभर तो त्याच वेगानं चालत राहिला असं कुणी म्हटलेलं नाही. इंटरनेटवर «कासवाचा वेग ताशी १ किमी» असं सरसकट दिसतं, ते बहुधा अशाच छोट्या धावेवरून उचललेलं असतं.

एवढं हळू का? कवचाच्या ओझ्यामुळे ना?

सगळेच असं समजतात, आणि थोडंफार खरंही आहे, पण मुख्य कारण ते नाही. बेटांवरच्या महाकाय कासवांच्या कवचाचं हाड आकाराच्या मानानं पातळ असतं. संथपणा स्नायूंत असतो.

कासवाचे स्नायू फार सावकाश आकुंचन पावतात. त्याबदल्यात तेवढंच काम करायला त्यांना ऊर्जा कमी लागते. बेडकाच्या स्नायूंशी तुलना केली तेव्हा कासवाचे स्नायू बरेच संथ, पण बरेच काटकसरी निघाले. तुटपुंज्या गवतावर आणि निवडुंगावर जगणाऱ्या, महिनोन्‌महिने अन्नपाण्याशिवाय काढू शकणाऱ्या प्राण्याला असाच स्नायू परवडतो.

दुसरी अडचण सांगाड्याची. कासवाच्या बरगड्या आणि पाठीचा कणा कवचाशी एकजीव झालेला असतो. सरडा किंवा घोरपड धावताना अंग नागमोडी वळवून पाऊल लांब टाकते, कासवाला ते जमणारच नाही. त्याचं पाऊल फक्त पायाच्या लांबीइतकं. खांद्याची हाडंही बरगड्यांच्या पिंजऱ्याच्या आत असतात, इतर कुठल्या चौपायाला अशी रचना नाही.

चालताना बाजूनं बघितलं तर एक गोष्ट लक्षात येते. पाय उचलला की अख्खं कवच त्या कोपऱ्याकडे किंचित कलतं, मग पाऊल टेकतं आणि ते परत वर येतं. संथ स्नायूंना हा तोल झटकन सावरता येत नाही, म्हणून कासव डुलत चालतं. एका जुन्या चाळीतल्या खोलीत कुणीतरी लपवून पाळलेलं, आपल्याकडचं छोटं स्टार कासव मी मोझॅकच्या लादीवर चालताना पाहिलं आहे. नखं टकटक वाजत होती, मागचा पाय प्रत्येक पावलाला बाहेर घसरत होता आणि पोटाची पाटी लादीला घासत होती. एवढा खटाटोप करून ते जेमतेम खाटेखाली पोचलं. खरबरीत मातीत हेच कासव पोट उचलून व्यवस्थित चालतं. महाकाय जातींचे पाय खांबासारखे जाड असतात, पण पकड त्यांनाही लागतेच.

मरीन ड्राइव्ह चालून जायला किती वेळ लागेल?

मरीन ड्राइव्ह साधारण ३.६ किलोमीटर. डार्विननं मोजलेल्या वेगानं न थांबता अकरा तास. मे महिन्यात सकाळी सहाला नरिमन पॉइंटहून निघालं तर संध्याकाळी पाचला गिरगाव चौपाटी.

पण ते पोचणार नाही. कासव शीतरक्ताचं. सकाळी ऊन खाऊन अंग तापवावं लागतं, नाहीतर पाय हलत नाहीत, आणि दुपारी सावली गाठावी लागते, नाहीतर जीव जातो. अल्डाब्रावर उघड्या माळावर चरणारी कासवं ऊन चढायच्या आत झाडाखाली पोचली नाहीत तर उष्माघातानं मरतात. तिथे एकेका झुडपाच्या सावलीत कासवं अंगाला अंग लावून दाटीवाटीनं बसलेली दिसतात. म्हणून चरायला किती लांब जायचं हे सावली किती अंतरावर आहे यावर ठरतं. समुद्राच्या कठड्यालगतच्या तापलेल्या फरसबंदीवर दुपारी बारा वाजता कासवाची काय गत होईल ते सांगायला नको.

याच कारणानं «वेग किती?» या प्रश्नाचं एकच उत्तर नसतं. थंड सकाळी वेगळा, पाऊस पडून गेल्यावर वेगळा, भर दुपारी शून्य.

म्हणजे ती फार लांब जातच नसतील?

जातात की! सांताक्रूझ नावाच्या गॅलापागोस बेटावर (आपलं नव्हे, तिथलं) संशोधकांनी कासवांच्या कवचावर जीपीएस यंत्रं बसवून त्यांचा माग काढला. मोठी कासवं दरवर्षी डोंगर चढतात-उतरतात असं दिसलं. पावसाळ्यात खालचा भाग हिरवागार असतो तेव्हा ती खाली चरतात. तिथला पावसाळा साधारण जानेवारी ते मे. जूनपासून खालचं गवत वाळू लागलं की मोठे नर वर निघतात. डोंगरावर त्या दिवसांत धुकं आणि भुरभुर असते, त्यामुळे चारा टिकून राहतो. हा प्रवास दहा किलोमीटरपर्यंत भरतो आणि त्याला काही आठवडे लागतात. माद्यांना अंडी घालायला खालीच यावं लागतं, म्हणून त्यांचं वेळापत्रक वेगळं. लहान कासवं वर जातच नाहीत, मोठी होईपर्यंत खालीच राहतात.

आता दहा किलोमीटर म्हणजे दादर ते अंधेरीपेक्षा थोडं कमी. लोकलनं वीस-पंचवीस मिनिटं. पण अडीचशे-तीनशे किलोचं धूड, लाव्हाच्या धारदार खडकांतून, काट्याकुट्यांतून, चढावर, वाटेत चरत. मी तरी याला हळू म्हणणार नाही. शिवाय जाता-जाता ती शेती करतात. पेरूसारखी फळं खाल्ली की बिया आतड्यातून बाहेर पडायला बरेच दिवस लागतात, तोवर कासव दुसऱ्याच ठिकाणी पोचलेलं असतं. बेटावरच्या शेतकऱ्यांची कुंपणं आणि रस्ते आता याच जुन्या वाटांमध्ये आले आहेत, ही तिथली ताजी डोकेदुखी.

ससा-कासवाची शर्यत खरंच होऊ शकते का?

शर्यत एक किलोमीटरची धरली तर महाकाय कासवाला तीन तास लागतील. तेव्हा सशाला झोप लागली असेल तर ती डुलकी नव्हती, चांगली तीन तासांची वामकुक्षी होती.

कासव चिडलं किंवा भुकेलं असेल तर जोरात येतं का?

थोडं जोरात येतं. नर एकमेकांसमोर आले की मान ताणून, तोंड वासून उंची मोजतात. ज्याची मान वर तो जिंकला, बहुतेक वेळा एवढ्यावरच भागतं. धक्काबुक्की झालीच तर जवळ माणसानं उभं राहू नये, वजन लक्षात घ्या.

भुकेचा एक किस्सा मात्र अंगावर काटा आणणारा आहे. २०२० साली सेशेल्सच्या फ्रेगेट बेटावर एका अल्डाब्रा मादीनं टर्न पक्ष्याच्या घरट्यातून पडलेल्या पिल्लाचा पाठलाग केला, आणि हे सगळं चित्रित झालं. पिल्लू आडव्या ओंडक्यावर होतं. कासव त्या ओंडक्यावरून जबडा उघडून सावकाश पुढे सरकत राहिलं. पिल्लू मागे हटत टोकापर्यंत गेलं, जमिनीवर उतरायला तयार होईना, आणि कासवानं डोकं धरून ते मारलं आणि गिळलं. गवत खाणारा प्राणी म्हणून आपण ज्याला निर्धास्त ठरवतो त्यानं केलेली ही शिकार. भक्ष्याला पळायला जागा नसेल तर वेग कमी असून चालतो.

कासव पळून जाऊ शकतं का? हसू नका, मुलगी विचारतेय.

जाऊ शकतं. जपानमधल्या शिबुकावा प्राणी उद्यानात अबू नावाची ५५ किलोची अल्डाब्रा मादी होती. तिला आवारात मोकळं फिरू देत. ऑगस्ट २०१७ मध्ये ती दिसेनाशी झाली. शोधूनही सापडेना, तेव्हा उद्यानानं पाच लाख येनचं बक्षीस लावलं. दोन आठवड्यांनी एका बापलेकाला ती झुडपांत सापडली, उद्यानापासून अवघ्या १४० मीटरवर.

कासव हरवलं की माणसं लांबवर शोधतात. आधी जवळची झुडपं, गटाराची कडा आणि पार्क केलेल्या गाड्यांची खालची बाजू बघावी.

पाठीवर बसलं तर उचलतं का?

डार्विन बसला होता. कवचाच्या मागच्या भागावर टकटक केली की कासव उठून चालू लागे, पण तोल सांभाळणं फार कठीण जाई, असं त्यानं लिहिलं आहे. १८३५ मध्ये ठीक होतं. आज कुठल्याही प्राणीसंग्रहालयात पोराला कासवाच्या पाठीवर बसवून फोटो काढू नका. कवच ही निर्जीव ढाल नाही, त्यात हाड आहे आणि स्पर्श कळतो.

हळू चालण्याचा त्यांना तोटा झाला का?

भयंकर. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात देवमाशांच्या शिकारीला निघालेली जहाजं गॅलापागोसवर थांबत ती कासवं भरायला. पाठलाग करावा लागत नसे, उलटं केलं की संपलं. जहाजाच्या तळात ती अन्नपाण्याशिवाय महिनोन्‌महिने जिवंत राहत, म्हणजे खलाशांना ताजं मांस. अशी लाखाच्या घरात कासवं नेली गेली असा अंदाज आहे. ज्या काटकसरी शरीरानं त्यांना कोरड्या बेटांवर तगवलं त्याच शरीरानं त्यांना जहाजात भरण्याजोगं केलं. पिंटा बेटाच्या जातीचा शेवटचा नर, ज्याला जग लोनसम जॉर्ज म्हणून ओळखायचं, तो २४ जून २०१२ रोजी गेला.

जमिनीवरच्या कासवाला पोहता येतं का?

पोहणं म्हणता येणार नाही, पण महाकाय कासवं तरंगतात आणि मान वर ठेवू शकतात. डिसेंबर २००४ मध्ये टांझानियाच्या किंबिजी इथल्या किनाऱ्यावर एक अल्डाब्रा कासव चालत वर आलं. पायांवर आणि कवचाच्या खालच्या बाजूला शिंपल्यांसारखे समुद्री जीव चिकटून वाढलेले होते, म्हणजे मुक्काम पाण्यात बराच झाला होता. अल्डाब्रा तिथून ७०० किलोमीटरहून लांब आहे. प्रवाहानं आणलं हे खरं, पण वाटेत मेलं नाही. लहान जातींवर हा प्रयोग करू नका. उभ्या भिंतीच्या टाकीत किंवा विहिरीत स्टार कासव दमून बुडतं.

आणि वर्सोव्याच्या किनाऱ्यावर निघाली होती ती कासवं?

ती ऑलिव्ह रिडले, समुद्री कासवं. मार्च २०१८ मध्ये वर्सोवा किनाऱ्यावर त्यांची पिल्लं बाहेर आली. त्यांचे पाय वल्ह्यांसारखे झालेले असतात, पाण्यात ती झपाट्यानं जातात आणि वाळूवर पोट घासत सरकतात. या पानावरचे आकडे त्यांना लावू नयेत.

भारतात महाकाय कासवं होती का? आता कुठे आहेत?

होती, तीही अल्डाब्राला मागे टाकतील अशी. शिवालिकच्या टेकड्यांत एकोणिसाव्या शतकात जीवाश्मांचे अभ्यासक ह्यू फाल्कनर आणि गंगा कालव्याचे अभियंते प्रॉबी कॉटली यांना एका प्रचंड कासवाचे जीवाश्म सापडले. त्याचं कवच दोन मीटरांच्या आसपास लांब असावं. आज जंगलात असणारं आपलं सर्वात मोठं जमिनीवरचं कासव ईशान्य भारतातलं, आशियाई महाकाय कासव. पण तेही बत्तीस-पस्तीस किलोचं.

बाहेरून आणलेल्यांत कोलकात्याच्या अलिपूर प्राणीसंग्रहालयातलं अद्वैत सर्वात प्रसिद्ध. हे अल्डाब्रा कासव मार्च २००६ मध्ये मेलं. ते रॉबर्ट क्लाइव्हच्या बागेतलं आणि अडीचशे वर्षांचं, असं सांगतात. वयाच्या या आकड्यावर मी पूर्ण विश्वास ठेवत नाही, कारण जन्माचा कागद कुणाकडेच नाही. चेन्नईजवळच्या मगर बँकेतही अल्डाब्रा कासवं आहेत. त्यातलं एक २०२१ मध्ये चोरीला गेलं. इतकं जड आणि इतकं संथ जनावर चोरायला माणसं किती लागली असतील याचा विचार करा.

घरात कासव पाळलं तर लक्ष्मी येते म्हणतात...

वनखात्याची माणसं येतात. स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, ते पाळणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे. «आम्ही त्याला मुलासारखं ठेवलंय» हे कोर्टात चालत नाही. अल्डाब्रासारख्या परदेशी जातींनाही कागदपत्रं आणि नोंदणी लागते. आणि दहा बाय दहाच्या खोलीत शंभर वर्षं जगणारा, अडीचशे किलोपर्यंत वाढणारा प्राणी आणायचा विचार ज्यांच्या मनात येतो त्यांनी आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारून बघावं. देवळाच्या सभामंडपातलं दगडी कासव आहे, तेवढं पुरे.

रस्त्यात किंवा इमारतीच्या आवारात कासव दिसलं तर काय करायचं?

आधी वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन. कासव मधोमध रस्त्यात असेल तर कवचाच्या दोन्ही बाजू दोन हातांनी धरून, जमिनीलगत आडवं ठेवूनच, ते ज्या दिशेला चाललं होतं त्याच बाजूला न्या. उलटं करू नका, शेपटीनं तर मुळीच उचलू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात जुनं वर्तमानपत्र घालून सावलीत ठेवा. पोळी, दूध, बिस्किट काही देऊ नका. आणि कृपा करून तलावात सोडू नका. पवई आणि बाणगंगेच्या काठावर «पुण्य मिळेल» म्हणून कासव घेऊन आलेली माणसं अधूनमधून दिसतात. पायांना पडदे नसून जाड, बोथट पाऊल असेल तर ते जमिनीवरचं कासव आहे, पाण्यात टाकलं तर मरेल.